खिशातल्या चाकूत फेरफार करताना या चुका टाळा

गणपतीचे दिवस. मोदकांसाठी नारळ फोडायचा होता, आधी त्यातलं पाणी काढून घ्या असा घरून हुकूम. मी ऐटीत खिशातला चाकू काढला, टोक नारळाच्या डोळ्यात खुपसलं आणि पिळलं. दोनेक मिलिमीटर टोक नारळातच राहिलं. पातं कापण्यासाठी पातळ केलेलं असतं. त्याला पेचकस किंवा पहार समजलं की ते असंच उत्तर देतं.

पण ही चूक किरकोळ. मोठी चूक मी दुसऱ्या दिवशी केली. मोडकं टोक पुन्हा अणकुचीदार करायला दगडावर बसलो आणि धारेच्या बाजूने घासत वर गेलो. टोक झकास झालं. चाकू मिटला, तर टोक मुठीच्या बाहेर! घडीच्या चाकूत धार मुठीच्या खाचेत जाते आणि पात्याची पाठ बाहेरच्या अंगाला राहते. धारेकडून घासलं की टोक पाठीकडे सरकतं, म्हणजे मिटल्यावर उघड्यावर येतं. आधी पँटचा खिसा फाटला, मग सुट्टे काढताना बोट. घासायचं ते नेहमी पाठीकडून. पाठ उतरती करत धारेला मिळवायची; टोक आपसूक खाली येतं आणि खाचेत लपतं. एवढं कळेस्तोवर माझं पातं अर्ध्या बोटाने आखूड झालं होतं.

मग मुद्दामच टोक गोलसर केलं. मुंबईच्या लोहार चाळीतून वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश कागद) आणला, १२० नंबरने आकार दिला, ४०० आणि ८०० ने साफ केलं, सगळं पाणी लावून. फळं, दोरी, पार्सलची टेप यांना अणकुचीदार टोक लागतच नाही. चाकू जवळ बाळगण्यासाठी त्यात करावा असा एकच बदल मला आजवर पटला आहे, आणि तो चाकू कमी धोकादायक करण्याचा आहे. लोक करतात ते नेमकं उलटं: टोक सुईसारखं, दोन्हीकडे धार, बिजागरी सैल करून मनगटाच्या झटक्याने उघडेल अशी. सैल बिजागरीचा चाकू बॅगेतही झटक्याने उघडतो, हे त्यांना बॅगेत हात घातल्यावर कळतं.

सायकलवर सहाण घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याला आमच्या माहीमच्या गल्लीत मी एकदा चांगला कार्बन स्टीलचा चाकू दिला. त्याचा दोष नाही, त्याचं चाक विळी-सुरीसाठी. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि धारेला निळी झाक आली. साधं कार्बन पोलाद तापताना २२० अंश सेल्सियसच्या आसपास फिकट पिवळं दिसतं, ३०० च्या सुमाराला निळं, आणि तोवर त्याचा कठीणपणा उतरलेला असतो. ती धार दोन कांद्यांत बसते. निळा भाग पाण्यावर सावकाश घासून काढण्यावाचून उपाय नाही. ग्राइंडर वापरायचाच तर हातमोजे नकोत. उघड्या बोटांना पातं गरम लागलं की लगेच पाण्यात.

दगडावर घासूनही धार येत नसेल तर कोन चुकतोय. धारेवर मार्कर फिरवा, दोन-तीन हात मारा आणि बघा. शाई पात्याच्या वरच्या अंगाची गेली तर चाकू फार झोपवलाय, अगदी कडेचीच गेली तर फार उभा. एका बाजूला २० अंश पुरतात.

धार एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा बोथट होते? मग पात्याच्या बुंध्याशी बघा. लॉक नसलेल्या चाकूत तिथे बिनधारेचा छोटा खांदा असतो. मिटल्यावर तो स्प्रिंगपट्टीवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. उत्साहाच्या भरात खांदाही घासला गेला असेल, तर प्रत्येक वेळी मिटताना धार पट्टीवर आपटते.

आता पावसाळा. फ्रान्सच्या सावोय भागात १८९० पासून बनणारा ओपिनेल हा घडीचा चाकू माझा लाडका, पण त्याची बीच लाकडाची मूठ जुलैत मुंबईची हवा पिऊन फुगते आणि पातं आत अडकतं. नखाने ओढत बसू नका, नख जाईल. मुठीवरची कडी फिरवून मोकळी करा (ही कडी १९५५ मध्ये आली) आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका; पातं थोडं बाहेर येतं. सावोयचे शेतकरीही असंच ठोकतात. सांध्यात केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन सोडलं की फुगणं बरंच कमी होतं. खोबरेल नको, ते चिकट होतं, खवट होतं आणि धूळ धरतं. कैरी कापल्यावर कार्बनच्या पात्यावर येणारा करडा-निळसर रंग हा लाल गंज नव्हे, तो राहू द्या. तांबूस ठिपके मात्र त्याच दिवशी काढा. आणि पातं चामड्याच्या म्यानात ठेवून विसरू नका, चामडं ओल धरतं.

कायद्याबद्दल सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो: नऊ इंच. शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्र म्हणून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, हे खरं. म्हणून छोटा चाकू बिनधास्त, हे मात्र खोटं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा बाळगायला बंदी असलेल्या वस्तूंत सुरेही येतात. खटक्याचा चाकू घेऊन ‘हा फळांसाठी’ म्हणून पाहा, कोण ऐकतं ते. मेट्रोने जायचं त्या दिवशी माझा चाकू घरीच असतो. विमानाच्या हातातल्या बॅगेत तर किल्ल्यांच्या जुडग्यातला ५८ मिलिमीटरचा छोटा स्विस चाकूही चालत नाही. माझा असाच एक सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये गेला.

बायको रोज लोकलच्या लेडीज डब्यातून येते. तिथे संध्याकाळी मेथी निवडली जाते, फरसबी चिरली जाते, प्लास्टिक मुठीच्या सुऱ्यांनी. माझ्या चाकूसारखं क्लिपवर खिशाला कोणी काही लटकवत नाही. तिने सांगितल्यावर मी क्लिपचे दोन स्क्रू काढले. चाकू आता जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, चमच्याशेजारी, रुमालात गुंडाळलेला असतो.