लष्करी ट्रक घरी आला? इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक उघडा

माझ्याकडचा ट्रक एम-३५ ए-२ आहे. अमेरिकी सैन्याने निकाली काढलेला, दहा टायरांचा (पुढे दोन, मागे चार जोड्या, म्हणून चाकं सहाच मोजतो), रिकामा उभा असतानाही सुमारे ६ टनांचा. कच्च्या रस्त्यावर अडीच टन माल न्यायचा म्हणून तिकडे त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात. असे ट्रक लिलावात निघतात तेव्हा मीटरवर मैल फार थोडे दिसतात आणि घेणारा हुरळतो. मीही हुरळलो होतो. पण हा ट्रक धावून झिजलेला नसतो, बसून बिघडलेला असतो. सील वाळलेले, होजना भेगा, टाकीच्या तळाशी पाणी. मीटर यातलं काहीच सांगत नाही.

आणल्या दिवशी प्रत्येकाला इंजिन सुरू करून बघायचं असतं. ते नंतर. आधी ब्रेक, कारण या गाडीचे ब्रेक एका धाग्यावर लटकलेले आहेत. पेडलखाली एकच मास्टर सिलिंडर, त्याच्या पुढे हवेवर चालणारा एअरपॅक आणि तिथून सहाही चाकांना ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक होज फुटला की सगळेच ब्रेक गेले. हवेच्या टाक्या दिसतात म्हणून याला एअर ब्रेकचा ट्रक समजू नका. इथे हवा फक्त तेलाला जोर देते. हवा संपली तर ब्रेक आपोआप लागत नाहीत, उलट पेडल दगडासारखं होतं.

माझ्या ट्रकचं पेडल जागेवर छान टणक लागत होतं. मागच्या एका चाकाचा ड्रम काढला तर लायनर तेलात भिजून काळेठिक्कर. म्हणून सहाही चाकं उघडायची, एकही सोडायचं नाही.

चाक उचलण्याआधी बाकीच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, तो चाकांवर लागतच नाही. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारा डबा, त्याच्या मागे शाफ्टवर त्याचा ड्रम आहे, त्यामुळे मागचा शाफ्ट सोडवला की हँडब्रेकही गेला. जॅकने उचला, पण वजन स्टँडवर ठेवा.

मग चाकाचे नट. डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, स्टडच्या तोंडावर 'एल' कोरलेला दिसेल, गंज घासून बघा. मी बघितलं नव्हतं. पान्यात चार फुटी पाइप घालून त्यावर लोंबकळलो आणि अर्धा तास नट सोडवण्याऐवजी घट्ट करत राहिलो. शेवटी स्टड तुटला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागच्या जोडचाकांना बाहेरचा नट काढला की आत चौकोनी डोक्याचा दुसरा नट असतो, आतलं चाक त्यावर. बसवताना आधी आतले नट पूर्ण घट्ट करा, मगच बाहेरचे.

चाक निघालं तरी ड्रम हातात येत नाही. तो हबच्या आतल्या बाजूला आहे, हबसकट काढावा लागतो. ॲक्सलच्या तोंडावरचे बोल्ट काढून ॲक्सल शाफ्ट ओढायचा, मग लॉक वॉशर आणि दोन मोठे नट. त्यासाठी मोठा आठकोनी सॉकेट लागतो. छिन्नी-हातोड्याने नट ठोकणारे खूप आहेत, पुढच्या मालकाला त्याचे व्रण दिसतात. हब भलता जड आहे, दुसरा माणूस हवाच. एवढं उघडलंच आहे तर सील नवे टाका, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा. चाकाच्या सिलिंडरच्या आत बोटाला खड्डे लागले तर नुसती रबरं बदलून भागत नाही, सिलिंडरच नवा घ्या. होज चांगले दिसले तरी सगळे बदला.

ब्रेक ऑइल भरताना घाई नको. अमेरिकी सैन्याने पुढे सिलिकॉनचं, म्हणजे डॉट ५ ऑइल वापरायला सुरुवात केली. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ त्यात मिसळत नाही. डॉट ५.१ नावाने फसवतं, ते डॉट ३ च्याच घराण्यातलं. आत काय आहे ते कळत नसेल तर थोडं काढून पाण्याच्या भांड्यात टाका. पाण्यात विरघळलं तर साधं, वर तरंगत राहिलं तर सिलिकॉन. सिलिकॉन ओतताना डबा हलवू नका, बारीक बुडबुडे धरून बसतं. ब्रेक ऑइलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढताना मी आधी टाक्यांमधली हवा सोडतो, मग एअरपॅकची एअर काढतो, त्यानंतर लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे येतो. भाचा केबिनमध्ये, मी खाली. "दाब... धर... सोड." निप्पल बंद होण्याआधी त्याने पाय उचलला की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी आम्ही दोनदा भांडलो.

टायरबद्दल एकच गोष्ट, पण ती जिवाशी आहे. या ९.००-२० टायरांच्या रिमला लॉक रिंग असते. गंजलेली रिंग हवेच्या दाबाने उडाली तर माणूस मरतो. चाकाचे नट सोडवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. रिंग काढणं-बसवणं आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरणं हे काम ज्याचं त्यालाच द्या. मी स्वतः करत नाही. टायरच्या तारखेत चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो २००० च्या आधीचा आहे. नक्षी कितीही खोल असो, त्यावर रस्त्यावर जाऊ नका.

वीज २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह होतो. तसं केलं की एक बॅटरी उपाशी आणि दुसरी उकळते, त्यापेक्षा कन्व्हर्टर लावा. लाइट लागत नाहीत म्हणून वायरिंग फाडण्याआधी बटणाकडे बघा. त्यावर वेगळी खिटी आहे, ती धरल्याशिवाय मुख्य खटका हेडलाइटवर जातच नाही. रात्री चुकून दिवे लागून शत्रूला ट्रक दिसू नये, म्हणून.

आता इंजिन. ७.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं मल्टिफ्युएल, म्हणजे डिझेलशिवाय इतर इंधनांवरही चालणारं. पहिल्यांदा सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल कमी असलेलं परवडलं, जास्त असेल तर घाबरा. नाकाला लावा. डिझेलचा वास आला तर इंजिनावरच्या इंजेक्शन पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. असं ऑइल घेऊन इंजिन फिरवू नका. सगळं काढून १५डब्ल्यू-४० भरा, फिल्टरसकट साधारण वीस लिटर लागतं. फिल्टरचे दोन डबे आहेत. जुनं गॅस्केट खोबणीत चिकटून राहतं आणि दिसत नाही. त्यावर नवं बसवलं की इंजिन सुरू होताच ऑइलची कारंजी. टोकदार हत्याराने खोबण खरवडून काढा.

चावी नसते. खटका वर केला की कर्कश बझर वाजतो आणि टाकीतला पंप गुणगुणतो. गुणगुण ऐकू आली नाही तर आधी पंपाचं बघा. इंजिन बंद करायची वायर ओढून पाहा, ती इंजेक्शन पंपावरची खिटी खरंच हलवते का. पहिल्यांदा सुरू करताना एकजण हवेच्या वाटेवर घट्ट बसेल अशी फळी घेऊन उभा राहू दे. इंजिनाचा वेग वेड्यासारखा वाढत गेला तर ते तोंड फळीने बंद करायचं, हाताने कधीच नाही.

बझर हवेचा दाब ६० पौंडांच्या आसपास आला की गप्प होतो. तोवर गिअर टाकायचा नाही. संध्याकाळी टाक्यांचे खालचे कॉक उघडून पाणी सोडा.

ग्रीसचे निप्पल आणि गिअर ऑइलचं सगळं टीएम (टेक्निकल मॅन्युअल) ९-२३२०-३६१-१० आणि त्याच्या -२० या जोडपुस्तिकेत आहे. सैन्याची पुस्तकं आहेत, अगदी नवख्या पोरासाठी लिहिलेली, म्हणून झकास. माझ्याकडून एवढंच: डिफरन्शियलचं ऑइल दुधासारखं निघालं तर बदलून थांबू नका, ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला वाट देणारी नळी, तुंबलाय का बघा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दूध.

पहिली फेरी पाच मैलांची, मोकळ्या सपाट रस्त्यावर. परत आल्यावर इंजिन बंद करण्याआधीच खाली उतरतो आणि सहाही हबजवळ हाताची पाठ नेऊन बघतो. पाच कोमट आणि एक चटका देणारा असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग जास्त आवळलं गेलंय. ते चाक दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचं.