मनोरंजन कंपनीच्या वरिष्ठांवर जाहीर टीका लिहिताना

सरकारविरुद्ध आवाज उठवायचा असेल तर तो कुठे उठवायचा, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. संविधान चौक आहे, हिवाळी अधिवेशनात मोर्चे कुठे अडवले जातात हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, आणि मंत्रीही काही दिवस का होईना याच शहरात मुक्कामाला असतात. मनोरंजन कंपन्यांचे तसे नाही. आवडती मालिका अचानक बंद झाली, मराठी चित्रपटाचा संध्याकाळचा खेळ चौथ्याच दिवशी काढून टाकला, किंवा ॲपची वर्गणी वाढवून वर जाहिरातीही सुरू केल्या, तरी हे ठरवणारी माणसे मुंबईत, कधी कधी तर कॅलिफोर्नियात बसलेली असतात, आणि त्यांच्यापर्यंत आपण पोचतो ते केवळ लिखाणातून. असे लिखाण आपल्याकडे भरपूर होते. पण त्यातला बराचसा राग चुकीच्या माणसावर निघतो आणि उरलेला कोणावरच निघत नाही. ज्या निर्णयाबद्दल तक्रार आहे तो निर्णय, तो घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती आणि कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेला कागद, या तिन्ही गोष्टी टीकेत एकत्र आल्या तरच कंपनीला उत्तर देणे भाग पडते.

म्हणून लिहायला बसण्याआधी निर्णय कोणाचा, हे शोधावे. दैनंदिन मालिका सहसा एखादी निर्मिती संस्था तयार करते, पण ती वाहिनीच्या मागणीवरून आणि वाहिनीच्या पैशातून. कथेचे आणि प्रक्षेपणाचे हक्क बहुधा वाहिनीकडेच राहतात. बार्क ही प्रेक्षक मोजणारी संस्था दर आठवड्याला जे प्रेक्षकसंख्येचे आकडे देते, ते पाहून मालिकेची वेळ बदलायची की ती गुंडाळायची, हे वाहिनीचा व्यवसायप्रमुख ठरवतो. नायिकेच्या छायाचित्राखाली शिव्या लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसते, आणि मालिका बंद झाल्यामुळे त्या नायिकेचेही काम गेलेले असते.

चित्रपटगृहांचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे, आणि मराठी प्रेक्षकाने ते नीट समजून घ्यावे असे मला वाटते. एप्रिल ते जून २००९ या काळात तिकीटविक्रीच्या वाटणीवरून हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट देणे बंद केले होते. त्या वादातून जी तडजोड झाली, तिच्यानुसार वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि त्यानंतर ३० टक्के असा ठरला. प्रत्यक्षात करारागणिक प्रमाण बदलते; तरी आठवडा जसा पुढे सरकतो तसा प्रत्येक तिकिटामागे चित्रपटगृहाचा वाटा वाढत जातो, हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातही प्रेक्षक येत असलेला चित्रपट काढून टाकणे हे मल्टिप्लेक्सच्या स्वतःच्या फायद्याचे नसते. मग तो का काढला? खुर्च्या खरोखरच रिकाम्या होत्या, की येत्या शुक्रवारच्या मोठ्या चित्रपटाच्या वितरकाने अमुक इतके खेळ हवेतच अशी अट घातली होती? पहिल्या प्रकरणात टीकेला फारसा आधार उरत नाही, दुसऱ्यात मात्र ती करायलाच हवी, आणि ती मल्टिप्लेक्स साखळीच्या मुख्यालयात खेळांचे नियोजन करणाऱ्या विभागावर करावी, त्या वितरकावरही करावी. तिकीट खिडकीवरच्या पोरावर किंवा स्थानिक व्यवस्थापकावर तोंडसुख घेऊन काही साधत नाही, कारण बहुतेक वेळा त्यांनाही वेळापत्रक तुमच्याआमच्याबरोबरच कळते.

आता मसुद्याकडे वळू. समजा, अशाच एका प्रसंगानंतर कोणी लिहिले: ‘या कंपनीच्या साहेबांना मराठी माणसाचे काही पडलेले नाही, एसीत बसून हे लोक मराठी सिनेमाचा गळा घोटत आहेत, सगळे विकले गेलेले आहेत.’ यातले पहिले वाक्य दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचा दावा करते, दुसरे नुसतेच अलंकारिक आहे, आणि तिसऱ्यात लाचखोरीचा आरोप आहे, ज्याचा पुरावा लिहिणाऱ्याकडे नाही. कंपनीला यातल्या एकाही वाक्याला उत्तर द्यायची गरज पडत नाही. तोच राग असाही लिहिता येतो: ‘शुक्रवारी या चित्रपटाचे नागपुरात पाच खेळ होते. सोमवारी दोन उरले, आणि तेही दुपारी एकच्या आत. शनिवारी संध्याकाळच्या खेळाला मी गेलो तेव्हा निम्म्याहून अधिक प्रेक्षागृह भरलेले होते. आपल्या वार्षिक अहवालात कंपनी प्रादेशिक चित्रपटांना वाढीचे साधन म्हणते. मग नोकरी करणाऱ्या माणसाला जाता येईल असा एकही खेळ का ठेवला नाही, हे नियोजनप्रमुखांनी सांगावे.’ यात चढा आवाज कुठेही नाही, पण टाळाटाळ करायलाही जागा नाही.

असे लिहायचे तर पुरावा त्याच दिवशी जमवावा लागतो. तिकीट ॲपवरील वेळापत्रकाचे चित्र तारीख व वेळ दिसेल अशा रीतीने जपून ठेवावे, कारण मंगळवारी सोमवारचे पान सापडत नाही. आसनांच्या नकाशावर मात्र फार विसंबू नये. तिथे जी खुर्ची मिळणार नाही असे दिसते ती विकली गेलेली असेलच असे नाही, कंपनीने ती स्वतःकडे राखूनही ठेवलेली असू शकते. वार्षिक अहवालातले वाक्य उद्धृत करणार असाल तर पृष्ठ क्रमांकासह, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे वाक्य वाचूनच करावे.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर साहित्याची वाण नाही. तिमाही निकाल, वार्षिक अहवाल, संचालकांच्या नेमणुका आणि राजीनामे, विश्लेषकांबरोबरच्या बैठकींची टिपणे, हे सारे मुंबई शेअर बाजाराच्या आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार नोंदणीकृत कंपनीला प्रत्येक संचालकाचे मानधन हे कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या (सगळी वेतने क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या वेतनाच्या) किती पट आहे, हे संचालकांच्या अहवालात किंवा त्याच्या जोडपत्रात जाहीर करावे लागते. खर्चकपातीच्या नावाखाली माणसे कमी करणाऱ्या कंपनीवर लिहिताना हा एक आकडा पानभर विशेषणांपेक्षा अधिक काम करतो. कंपनी नोंदलेली नसेल तर वाट थोडी लांबची आहे. रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातील माध्यम व्यवसायांच्या, १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झालेल्या विलीनीकरणातून उभी राहिलेली जिओस्टार ही स्वतः शेअर बाजारात नाही; तिच्याविषयीची माहिती रिलायन्सच्या आणि डिस्नेच्या अहवालांतून वेचावी लागते.

मानधनाच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. डिस्कव्हरी या अमेरिकी कंपनीचे (विलीनीकरणानंतर वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीचे) मुख्याधिकारी डेव्हिड झॅस्लाव्ह यांचे २०२१ चे मानधन सुमारे २४६ दशलक्ष डॉलर होते, हे वाक्य गेली काही वर्षे सर्वत्र फिरते आहे. पण त्यातला सुमारे २०० दशलक्ष डॉलरचा भाग हा शेअर खरेदीच्या पर्यायांचे त्या वेळी मांडलेले मूल्य होते. शेअरचा भाव ठरावीक पातळीच्या वर गेला नाही तर अशा पर्यायांतून हाती काही येत नाही, आणि पुढे वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीचा भाव दीर्घकाळ त्या पातळीच्या बराच खाली राहिला. ‘त्यांनी एवढे पैसे घरी नेले’ असे लिहिणाऱ्याची टीका या एका चुकीने कोसळते. ‘संचालक मंडळाने एवढे देऊ केले’ असे लिहिले तर ते बरोबर आहे, आणि रोख योग्य जागी, म्हणजे मंजुरी देणाऱ्या मंडळाकडे वळतो. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या बहुसंख्य भागधारकांनी वरिष्ठांच्या मानधनाविरुद्ध मत दिले. ते मतदान सल्ल्यापुरते होते, बंधनकारक नव्हते, हेही लिहायला विसरू नये.

हेतूचा आरोप शक्यतो करूच नये. ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने जवळपास पूर्ण झालेला ‘बॅटगर्ल’ हा चित्रपट प्रदर्शित न करण्याचे ठरवले, तेव्हा हे कलेचे शत्रू आहेत असे पुष्कळांनी लिहिले. ज्यांनी विलीनीकरणानंतर कंपनीच्या डोक्यावर आलेले ५० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज आणि खर्च बुडीत दाखवून मिळणारी करसवलत यांची सांगड घातली, त्यांचे लिखाण जास्त बोचले. उलट बाजूने, वरिष्ठांचेच शब्द त्यांच्याच कागदाशेजारी ठेवणे हे फार प्रभावी हत्यार आहे. जुलै २०२३ मध्ये डिस्नेने आपले तेव्हाचे मुख्याधिकारी बॉब आयगर यांचा करार २०२६ च्या अखेरीपर्यंत वाढवला आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलाखतीत त्यांनी संपावर असलेल्या लेखकांच्या आणि संपाच्या उंबरठ्यावरील कलाकारांच्या अपेक्षा वास्तवाला धरून नाहीत असे म्हटले. टीकाकारांना या दोन तारखा शेजारी शेजारी मांडण्यापलीकडे फारसे काही करावेच लागले नाही.

प्रकरण आज कुठे उभे आहे, हे न तपासता लिहिणे हा आपल्याकडचा सर्वांत मोठा दोष आहे. झी आणि सोनी यांच्या विलीनीकरणाचेच पाहा. २०२१ मध्ये ते जाहीर झाले. जून २०२३ मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने झीचे संस्थापक सुभाष चंद्रा आणि त्यांचे पुत्र, झीचे तेव्हाचे मुख्याधिकारी पुनीत गोयंका यांना संचालकपदे भूषवण्यास अंतरिम मनाई केली. पुनीत गोयंका यांच्याबाबतचा तो आदेश रोखे अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. जानेवारी २०२४ मध्ये सोनीने करार मोडला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी परस्परांवरचे दावे मिटवून टाकले. यातला जूनचा आदेश सांगून ऑक्टोबरचा निकाल गाळणारा लेख वाचकाची फसवणूक करतो, मग लिहिणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो. नोव्हेंबर २०२४ मध्ये भागधारकांनी गोयंका यांच्या संचालकपदी फेरनियुक्तीचा ठराव अगदी थोडक्या फरकाने फेटाळला. गोयंका यांच्या प्रवर्तक कुटुंबाकडे तेव्हा कंपनीचे जेमतेम ४ टक्के शेअर होते, ही माहिती सोबत दिली की हा निकाल वाचकाला नीट उमगतो.

कायद्याची भीती बाळगू नये, पण ओळख ठेवावी. १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे, आणि कंपनीचीही बदनामी होऊ शकते असे कायदा मानतो. लोकहितासाठी केलेले सत्य विधान, सार्वजनिक प्रश्नाशी निगडित वर्तनाबद्दल सद्भावाने मांडलेले मत आणि लोकांपुढे ठेवलेल्या कलाकृतीच्या गुणदोषांची चर्चा यांना त्यात अपवाद आहेत. म्हणून विधान आणि मत वेगळे दिसतील असे लिहावे: आधी काय घडले ते, मग आपल्याला ते का खटकते ते. केवळ खरे असणे पुरेसे नसते, हेही ध्यानात घ्यावे. एखाद्या अधिकाऱ्याच्या घरातली भांडणे खरी असली तरी ती छापण्यात लोकहित कोणते? त्यांचा घरचा पत्ता, खाजगी क्रमांक, मुलांची शाळा यांना लिखाणात थारा नको. त्याच कंपनीचे शेअर तुमच्याकडे असतील, किंवा तुमची संहिता तिने कधी परत पाठवली असेल, तर ते आपणहून सांगून टाकावे; दुसऱ्याने उघड केले की सगळ्या लेखावर पाणी पडते.

वकिलाची नोटीस आली तर ती न्यायालयाचा आदेश नाही, एवढे आधी समजून घ्यावे. घाबरून लेख उडवू नये आणि चिडून नवा लेखही लिहू नये. मूळ मजकूर आणि पुरावे जपून ठेवावेत आणि वकिलाला दाखवावेत. खरोखरच एखादे विधान चुकले असेल तर ते दुरुस्त करावे, आणि दुरुस्ती केल्याची तारीख तिथेच दिसू द्यावी.

लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रश्न कंपनीच्या माध्यम विभागाला ईमेलने पाठवावेत आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी. उत्तर आले तर ते तोडमोड न करता छापावे, आले नाही तर कोणत्या तारखेला विचारले होते एवढेच नोंदवावे. तक्रार तुमच्या स्वतःच्या पैशांशी संबंधित असेल, म्हणजे वर्गणी कापली पण सेवा मिळाली नाही असा प्रकार असेल, तर लेखापेक्षा १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन किंवा नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग ही वाट जवळची. ॲपवरील मजकुराबद्दल तक्रार असेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ती १५ दिवसांत निकाली काढावी लागते.

धोरणाबद्दलच बोलायचे असेल तर आणखी एक दार उघडे आहे, आणि त्यातून फार थोडे लोक आत शिरतात. नोंदणीकृत कंपनीचा एक शेअर नावावर असला तरी भागधारकांच्या वार्षिक सभेला हजर राहता येते. २०२० पासून अनेक कंपन्या ही सभा दृक्‌श्राव्य पद्धतीने घेतात, त्यामुळे धरमपेठेतल्या घरातूनही थेट अध्यक्षांना प्रश्न विचारता येतो. सभेच्या सूचनेत वक्ता म्हणून नाव नोंदवण्याची अंतिम तारीख आणि ईमेल दिलेला असतो. सूचनेत दिलेल्या पात्रतेच्या (कट-ऑफ) तारखेला शेअर तुमच्या खात्यात असावा लागतो, म्हणून खरेदी आधीच करून ठेवावी. ऑनलाइन मतदान किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता बंद होते. बोलायला दोन-तीन मिनिटेच मिळतात. तेव्हा प्रस्तावना गाळावी, अहवालाचा पृष्ठ क्रमांक सांगावा, एकच प्रश्न विचारावा, आणि अध्यक्षांनी दिलेले उत्तर शब्दशः टिपून घ्यावे.