फोनकडून गजर काढून घेताना

रात्री गजर लावायला फोन हातात घ्यायचा आणि पाऊण तासाने गजर न लावताच झोपून जायचं, असं माझं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी सकाळी जाग आली तेव्हा ऊन पायांपर्यंत पोचलं होतं. त्याच दिवशी कपाटाच्या वरच्या खणातलं बाबांचं किल्लीचं घड्याळ खाली काढलं. पुढच्या वर्षभरात जे जमलं आणि जे फसलं, ते इथे सांगते. जुन्या वस्तू टाकवत नाहीत आणि फोन हातातून सुटत नाही, अशी दोन्ही दुखणी एकाच घरात असतील तर कदाचित उपयोग होईल.

‘फोन कमी वापरायचा’ हा निश्चय आधी सोडून द्या. मी तो इतक्यांदा केला आहे की आता त्याची मलाच लाज वाटते. त्याऐवजी फोनजवळ एक कागद आणि पेन्सिल ठेवा आणि दोन दिवस, प्रत्येक वेळी फोन उचलताना, कशासाठी उचलला तेवढं एका शब्दात लिहा. मिनिटं मोजू नका. ती फोनच मोजतो. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत २०१८ पासून ती सोय आहे. पण का उचलला ते त्याला कुठे ठाऊक असतं! माझ्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता ‘वेळ’. एका दिवसात एकोणीसदा. समोर भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कित्येक महिने चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं. म्हणजे माझी पहिली दुरुस्ती होती एक सेल बदलणं.

तो सेलही सरळ निघाला नाही. फुटून पांढरी भुकटी जमली होती. तसं दिसलं तर हातमोजे घाला आणि भुकटी फुंकू नका. अल्कलाइन सेलमधून झिरपतं ते क्षारयुक्त असतं, त्यामुळे कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून सेलला टेकणारे धातूचे पत्रे पुसायचे, मग जरा पाण्याने, आणि पूर्ण वाळल्यावरच नवा सेल घालायचा. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणजे एका सेकंदाला एक ठोका. किल्लीच्या घड्याळाला हे कधीच जमणार नाही, म्हणून बिनचूक वेळ भिंतीवर ठेवली आणि गजर उशाशी.

आता किल्लीचं घड्याळ. वर्षानुवर्षं पडून असेल तर एकदम पूर्ण किल्ली देऊ नका. चार-पाच फेरे द्या आणि ऐका. मग उभं, उताणं, पालथं, दोन्ही कुशींवर असं ठेवून प्रत्येक स्थितीत दहा-दहा मिनिटं चालतंय का बघा. एखाद्याच कुशीवर थांबत असेल तर आत घाण किंवा झीज आहे, आणि ते काम जाणकाराचं. हलवून चालू करू नका. मी हलवलं, चाललं, तीन दिवसांनी थांबलं. मग मी त्याहून मोठा शहाणपणा केला: शिवणयंत्राचं तेल सोडलं. ते तेल नको तिथे पसरतं आणि धूळ धरतं. घड्याळ दोन महिने छान चाललं आणि मग असं बसलं की साफ करून द्यायला दुरुस्तीवाल्यांनी तीन आठवडे घेतले. वर विचारलं, “तेल कोणी घातलं?” मी म्हटलं, माहीत नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे. आकडे आणि काटे अंधारात चमकावेत म्हणून १९६० च्या दशकापर्यंत अनेक तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा रंग असे. चमक गेली म्हणून रेडियम जात नाही. चमकणारं रसायन थकतं, रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. तशा घड्याळाची काच उघडू नका, रंग खरवडू नका आणि ते उशाशीही नको.

चालू झालं की वेळ जुळवायची. मागे एक छोटी दांडी असते, एका बाजूला जलद, दुसऱ्या बाजूला हळू. माझं दिवसाला चार मिनिटं पुढे जायचं. दांडी केसभर सरकवायची आणि चोवीस तास वाट बघायची. हे तासाभरात दोनदा करण्यात अर्थ नाही, मी करून पाहिलंय. सहा दिवसांनी फरक मिनिटाच्या आत आला, तिथे मी हात आवरला. किल्ली रोज एकाच वेळी द्या, आपोआप अडेपर्यंत, आणि अडल्यावर जोर लावू नका. गजराचा काटा बाण दाखवतो त्याच दिशेने फिरवा. आणि हे घड्याळ बारा तासांचं असतं हे विसरू नका: सकाळी सहाचा गजर दुपारी लावून ठेवलात तर तो संध्याकाळी सहालाच वाजणार. टिकटिक झोप मोडत असेल तर खाली घडी केलेलं कापड ठेवा. लाकडी कपाटावर तीच टिकटिक दुप्पट वाटते.

फोनचं चार्जर दुसऱ्या खोलीत गेलं ते याच सुमारास. बाकी युक्त्यांपेक्षा हीच चालली. फोनचा पडदा करडा करून पाहिला, दहा दिवस बरं वाटलं, मग करड्यातही तितकंच बघू लागले. कारण रंग नव्हताच. पान संपत नाही, हे खरं कारण. बोट सरकवत राहिलं की खाली नवं येतच राहतं, ही रचना एझा रास्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढे तिच्याबद्दल खंतही बोलून दाखवली. उलट, साठ मिनिटांच्या सी-६० कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांनी संपते, खट असा आवाज होतो आणि उठावं लागतं.

कॅसेटींमुळे आठवलं. आजीच्या आवाजाची एक कॅसेट सापडली तर उत्साहाने लगेच लावू नका. आधी मागच्या कडेची दोन छोटी झाकणं मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. टेपरेकॉर्डरचं हेड आणि रबरी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने पुसा, वाळू द्या. मग एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहा. यंत्र फीत खात असेल तर ती खाऊ दे. आजीची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या आणि पहिल्याच वेळी वाजवताना संगणकावर उतरवा. प्रती दोन, वेगवेगळ्या जागी. मूळ फेकायची नाही.

रेडिओला फार काही लागलं नाही. आवाजाचं बटण खरखरत होतं, रेडिओ बंद ठेवून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवलं. मध्यमलहरीला वरची दांडी लांबवून उपयोग नाही, तिचा अँटेना आत असतो. अख्खा रेडिओच फिरवून बघायचा. शेजारी फोनचं चार्जर लावलं की घरघर वाढते. मला हे फारच आवडलं.

सगळंच ठेवलं नाही. व्हिडिओ प्लेअर दिला, त्याचे रबरी पट्टे चिकट लगदा झाले होते. तीन जुने फोनही गेले. त्यातल्या एकाची बॅटरी फुगली होती. तशी दाबायची नाही, चार्ज करायची नाही, केराच्या डब्यात तर मुळीच टाकायची नाही, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. ठेवायचाच असेल तर धड चालणारा फोन अर्ध्याच्या आसपास चार्ज करून थंड जागी ठेवा. नकाशा, बँक आणि लेकीचे फोटो माझ्या फोनमध्येच आहेत आणि ते तिथेच राहतील.

किल्लीचं घड्याळ दर रविवारी भिंतीवरच्या घड्याळाशी लावून घेते. मागच्या रविवारी भिंतीवरचं बरोबर आहे ना, हे बघायला फोन उचलला. वीस मिनिटं गेली.