जुन्या दप्तरात पूर्वज सापडत नाही? या चुका टाळा

पणजोबांचं नाव चिठ्ठीवर लिहून तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलं की बरेच जण हात हलवत परत येतात. नोंद पुष्कळदा असते, पण ती भलत्या नावाने किंवा भलत्या गावात शोधली जाते.

जन्माची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये बघायची. तिथे बाळाचं नाव शोधत बसू नका. नोंद व्हायची तेव्हा बारसंही झालेलं नसायचं, त्यामुळे रकान्यात बहुधा नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव. अंदाजे वर्षाच्या मागची-पुढची 5 वर्षं बापाच्या नावाने वाचून काढा. तरीही मिळालं नाही तर पणजीचं माहेर विचारा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून थोरल्याची नोंद आजोळच्या गावात! हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि दप्तर चाळताना नेमकं विसरतं.

आडनावाचा हट्टही नको. जमिनीच्या जुन्या हक्कनोंदीत 'विठू बिन रामा' एवढ्यावरच काम भागवलेलं असतं. 'बिन' किंवा 'वल्द'च्या पुढे बापाचं नाव, 'कोम' किंवा 'भ्रतार'च्या पुढे नवऱ्याचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे एकाच खात्यावर दोन 'विठू बिन रामा' निघतात, 40-50 वर्षांच्या अंतराने. दोघांना एक धरलंत की वंशावळ दोन पिढ्यांनी आखडते. हा गुंता वारसाचे फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी (गाव नमुना 6), सोडवतात: कोण मयत झाला, कधी, मागे वारस कोण.

सातबाऱ्यावर पूर्वज नाही म्हणजे जमीन नव्हती, असंही समजू नका. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. धाकट्यांची नावं तिथे नसतातच असं धरून चाला. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन खातेदाराचा पालक. ते नाव आईचं किंवा चुलत्याचं असू शकतं, बापाचं म्हणून उतरवू नका. दत्तक गेलेला मुलगा दुसऱ्याच बापाच्या नावाखाली मिळेल.

जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन 1930 चा फेरफार मागितला तर मिळणार नाही. आधी एकत्रीकरणाच्या पत्रकातून जुना सर्व्हे नंबर काढा. जिल्हेही फुटलेत: सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, पालघर 2014 पर्यंत ठाण्यात.

सनाची बेरीज नीट करा. इसवी सन काढायला फसलीत (जुनं महसुली वर्ष) 590, शकात 78 मिळवायचे. शकाचे शेवटचे महिने जानेवारी-मार्चमध्ये येत असतील तर 79. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सलग लिहिलेले, म्हणून मोडी वाचून देणाऱ्याला एकच ओळ नको, पूर्ण पान दाखवा.

शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख 1 जून दिसली तर ती प्रवेशासाठी गुरुजींनी घातलेली असण्याची शक्यता दाट. त्या तारखेवरून कोतवाल बुक शोधू नका. तिथून वडिलांचं नाव, गाव आणि जातीचा रकाना तेवढा घ्या.