आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात? मग आधी प्रश्न नीट विचारा

घरातलं कोणी ऐंशीच्या पुढे गेलं असेल तर दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका, येत्या रविवारीच मोबाईल घेऊन बसा. बरेच जण उत्साहाने सुरू करतात, "आजी, तुझ्या लहानपणाबद्दल सांग ना काहीतरी" म्हणतात, आजी म्हणते काय सांगू बाळा, जन्मभर कष्टच केले, आणि पाच मिनिटांत विषय संपतो. मग घरचे म्हणतात तिला आता काही आठवत नाही. आठवतं हो तिला सगळं, पण "लहानपण" एवढ्या मोठ्या प्रश्नाला धरायला काही हातातच येत नाही.

आठवण म्हणजे काय हे आधी थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बघितलेलं, ऐकलेलं, वास, भीती हे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत असतं, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्याची मोट बांधतो, आणि आपण आठवतो तेव्हा ते सगळं नव्याने जुळवलं जातं. मधे जिथे रिकामं राहतं तिथे मेंदू आपल्या अनुभवातून, समजुतीतून, नंतर कानावर पडलेल्या गोष्टींतून भर घालतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये हे छापलं होतं, त्याने इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली, तर लोकांनी आपल्याला न पटणारे भाग गाळले आणि कनूची, म्हणजे वल्ह्याच्या लांबट होडीची, साधी बोट करून टाकली. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच आठवत होतं.

आणि प्रश्नातला एक शब्दसुद्धा आठवण बदलतो. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, काहींना विचारलं गाड्या धडकल्या तेव्हा स्पीड किती होता, काहींना त्याच प्रश्नात "आपटून चक्काचूर झाल्या" अशा अर्थाचा शब्द घातला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच, तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी फक्त ७.

म्हणून "बहात्तरच्या दुष्काळात फार हाल झाले असतील ना तुमचे?" असं विचारू नका, उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, आता आजी तुमच्या मनातला दुष्काळ सांगणार. त्यापेक्षा विचारा, "तेव्हा सकाळी पाणी कुठून आणायचीस?" नाहीतर "कामावर जाताना बरोबर काय न्यायचीस?" छोटा, हाताला लागणारा प्रश्न. आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. मधे शांतता पडली की आपल्याला राहवत नाही, पण म्हातारं माणूस त्या शांततेत आठवत असतं, तेवढं थांबायला जमलं की अर्धं काम झालं.

सुरुवात कुठून करायची? माझं मत, घरापासून. कोरा कागद घ्या आणि जुन्या घराचा नकाशा त्यांना सांगायला लावा. दारातून आत आलं की डाव्या हाताला काय? चूल कुठल्या भिंतीला? उतरंड कुठे, देवळीत काय ठेवायचे, बाळंतिणीची खोली कुठली, रात्री कोण कुठे झोपायचं? जागा डोळ्यापुढे आली की माणसं आपोआप येतात, कारण आठवण ज्या परिसरात तयार झाली तो परिसर मिळाला की ती वर यायला सोपी जाते. जुनं गाव जवळ असेल तर सरळ तिथे घेऊन जा. ते जमत नसेल तर ट्रंक उघडा, जुनं रेशनकार्ड, लग्नाचा फोटो, पितळी डबा हातात द्या. वासाचं तर विचारूच नका, वासाचा रस्ता मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाच्या अगदी जवळून जातो, गोवरीचा धूर आला की आजी न विचारता बोलायला लागते.

वयाचंही एक गणित आहे. साधारण दहा ते तीस वर्षांच्या काळातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात जास्त येतात, कारण पहिली शाळा सुटणं, लग्न, सासर, पहिली नोकरी सगळं तेव्हाच होतं. तिथे जास्त वेळ द्या.

सालाचं काय करायचं, तर साल विचारूच नका. "कुठल्या वर्षी?" म्हटलं की माणूस घाबरतं आणि काहीतरी ठोकून देतं. आपल्याकडे काळ मोजायची पद्धत वेगळी आहे, "मोठा पोटात होता तेव्हा", "सासरे गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात". हेच धरा आणि सगळ्यांना माहीत असलेल्या घटनांना बांधा. पुण्याकडे पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ पासून, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला. त्याच्या आधी की नंतर एवढं कळलं तरी पुष्कळ. कागदावरही डोळे झाकून विश्वास नको, शाळेच्या दाखल्यावर १ जून जन्मतारीख असलेली किती माणसं तुमच्या ओळखीत आहेत बघा, गुरुजींनी घातलेली तारीख ती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकालाच बसवा. दोघं एकत्र बसले की एक बोलतो, दुसरा मान डोलवतो, आणि मग दुसऱ्याची स्वतःची आठवण पहिल्याच्या गोष्टीत मिसळून जाते. माझी आजी सांगते बहात्तरला दुष्काळी खडीच्या कामावर सुकडी, म्हणजे पोषक कोरडा खाऊ, मिळायची ती तिथेच खायचो, तिची धाकटी बहीण सांगते छे, सुकडी पदरात बांधून घरी आणायचो पोरांसाठी. दोघींना वेगवेगळं बसवलं म्हणून कळलं की दोघी वेगळ्या कामांवर होत्या, एकीची पोरं बरोबर असायची, दुसरीची घरी. एकत्र बसवलं असतं तर मोठीचंच खरं ठरलं असतं. रेशनच्या तांबड्या मिलोबद्दल, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीबद्दल, मात्र दोघींचं एकच, "त्याची भाकर काही घशाखाली जात नव्हती."

मधेमधे हळूच विचारत राहा, "हे तू बघितलंस की कोणी सांगितलं?" रागाने नाही, उलटतपासणी नको. ठामपणे सांगितलं म्हणजे खरं असंही धरू नका. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं तेव्हा उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे कशी कळली, काही वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांचं उत्तर बदललेलं होतं आणि तरी ते खात्रीने सांगत होते. पण चूक दिसली म्हणून तिथल्या तिथे "नाही आजी, तसं नव्हतं" करू नका, नंतर वहीत नोंद करा.

रडू आलं तर विषय झटकन बदलू नका. रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या, आणि पुढे सांगायचंय का हे त्यांनाच ठरवू द्या.

विसराळूपणा सुरू झाला असेल तरी बसा. त्यात आधी नवीन गोष्टी जातात, जुन्या बराच काळ टिकतात. "मी कोण ओळखलंस का?" अशी परीक्षा मात्र घेऊ नका, फार लागतं ते. त्यापेक्षा जात्यावरच्या ओवीची पहिली ओळ तुम्ही म्हणा. चालीला बांधलेलं सहज जात नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी लिहिता न येणाऱ्या बायकांच्या तोंडी होत्या.

बाकी फोन फ्लाईट मोडवर, पंखा बंद, कुकर लावायच्या आधी किंवा नंतर बसायचं, एका वेळी पाऊण तास पुरे. फाईलला नाव, गाव, तारीख घाला आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा. काही महिन्यांनी तेच पुन्हा विचारा. आठवण काढली की परत ठेवताना ती थोडी बदलू शकते, त्यामुळे दुसरी गोष्ट वेगळी आली तरी पहिली डिलीट करू नका, दोन्ही ठेवा, आणि कुठल्या वेळी खोलीत अजून कोण बसलं होतं तेही लिहून ठेवा.