भोक बुजवू नका! भोकाची जुनी नाणी जमवताना या चुका टाळा

जुन्या नाण्यांच्या ढिगात हात घातला की भोक पडलेलं नाणं बहुतेक जण बाजूला सारतात. "हे खराब आहे" म्हणतात आणि पुढचं उचलतात. मी अशाच बाजूला सारलेल्या नाण्यांच्या नादाला लागलो. धडधाकट नाणं हे कोणत्या राजाचं, कोणत्या टाकसाळीतलं, कोणत्या सालचं एवढं सांगतं. भोक पडलेलं नाणं त्याच्या पुढचं सांगतं. कुणीतरी ते खर्च करायचं नाही असं ठरवलं, खिळा लावून वरून हातोडी मारली, दोरा ओवला आणि ते अंगावर घातलं. त्या अनोळखी माणसाचा निर्णय नाण्यावर कायमचा उमटलेला असतो. मला या छंदात ओढलं ते यानेच.

या नाण्यांच्या बाबतीत काही चुका पुन्हा पुन्हा होतात. त्यातल्या काही मी स्वतः केल्या आहेत आणि एक तर आजही बोचते.

सगळी भोकं एकाच माळेत ओवणं

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ही. भोक कुणी आणि कधी पाडलं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

काही नाणी भोकासकटच जन्माला येतात. चीनमधली चौकोनी भोकाची नाणी ओतीव असायची. साच्यातून निघालेल्या नाण्यांच्या कडा खडबडीत असत, म्हणून ती एका चौकोनी दांड्यावर ओवून एकदम घासली जात. दांडा चौकोनी असल्यामुळे नाणी गरगर फिरत नसत. नंतर त्याच भोकातून दोरी घालून हजार-हजारांच्या माळा करत. ही पद्धत दोन हजार वर्षांहून जास्त काळ टिकली.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत भोकाचं कारण बहुधा धातू वाचवणं किंवा हाताला फरक कळावा हे असतं. ब्रिटिश हिंदुस्थानातला १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा घ्या. त्याआधीचं पाव आण्याचं नाणं ४.८६ ग्रॅमचं होतं आणि हा पैसा जेमतेम दोन ग्रॅमचा. किंमत तीच, पण महायुद्धाच्या काळात कांसं निम्म्याहून कमी लागलं. जपानचं पाच येनचं नाणं १९४८ मध्ये बिनभोकाचं होतं, पुढच्याच वर्षी त्याला भोक आलं. पन्नास येनला ते १९५९ मध्ये मिळालं.

दुसरा प्रकार म्हणजे सरकारनेच नंतर पाडलेलं भोक. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी १८१३ साली चाळीस हजार स्पॅनिश डॉलर मधोमध कापून घेतले. बाहेरची कडी पाच शिलिंगांना चालू लागली आणि आतली चकती पंधरा पेन्सला. भोक पाडलेलं नाणं दुसरीकडे चालत नसल्यामुळे पैसा वसाहतीतच राहिला. हे काम विल्यम हेन्शॉल या माणसाकडून करून घेतलं होतं आणि त्याला तिथे पाठवलं होतं ते बनावट नाण्यांच्याच गुन्ह्यासाठी. यातल्या सुमारे तीनशे कड्या आज माहीत आहेत. म्हणून कुणी स्वस्तात दाखवली तर ती नक्कल आहे असंच धरून चाला.

तिसरा प्रकार माझ्या जिव्हाळ्याचा, लोकांनी पाडलेली भोकं. इंग्लंडमध्ये राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात असा समज होता. राजा रोग्याला स्पर्श करी आणि एंजल नावाचं सोन्याचं नाणं भोक पाडून, फितीत ओवून त्याच्या गळ्यात घाली. पहिल्या चार्ल्सनंतर एंजल पाडणंच थांबलं, तेव्हा दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून यासाठी वेगळे बिल्ले बनू लागले. दिसायला ते नाण्यासारखेच, पण चलन म्हणून ते कधी चाललेच नाहीत. नवखा संग्राहक इथे हमखास फसतो. शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन यांना लहानपणी, १७१२ मध्ये, राणी ॲनने स्पर्श केला होता. तो बिल्ला त्यांनी जन्मभर गळ्यात घातला आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

भोक बुजवणं

हे मी अगदी कळकळीने सांगतो: भोक बुजवून घेऊ नका. "चांदीचा ठिपका भरून देतो, वर नक्षी कोरून देतो, कळणारसुद्धा नाही" असं सांगणारे भेटतात. कळतं. भिंगाखाली तर लगेच कळतं. आणि मग ते नाणं भोकाचंही राहत नाही आणि धडही राहत नाही. भोक पडलेल्या नाण्याला निदान स्वतःचा इतिहास असतो. बुजवलेल्या नाण्यावर तो पुसलेला असतो आणि वर ते विकताना फसवणुकीचा आरोप येऊ शकतो तो वेगळाच.

विकत घेताना बुजवलेलं भोक ओळखायचं असेल तर उजेड तिरका पाडा. साधारण दहापट भिंगातून मस्तकाच्या वरचा भाग, म्हणजे घड्याळात बारा वाजतात ती जागा, आधी तपासा, कारण भोक पाडायची सगळ्यात लाडकी जागा तीच. भोवतालचं शेत, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, तिथे किंचित खोल किंवा फुगीर वाटतो का? अक्षराच्या कडा शेजारच्या अक्षरांपेक्षा धारदार आहेत का? धातूचा रंग एक छटा वेगळा आहे का? मागच्या बाजूला बरोबर त्याच जागी तसाच गोल दिसला तर शंका उरत नाही. काठावर झाळल्याचा करडा डाग असेल तर तिथे एकेकाळी कडी होती आणि ती काढून टाकली आहे.

भोक न वाचणं

आपण नाण्यावरची अक्षरं वाचतो, चित्र बघतो आणि भोक मात्र फक्त मोजतो. भोकही वाचायचं असतं.

खिळ्याने टोचलेल्या भोकात धातू एका बाजूने आत दबतो आणि दुसऱ्या बाजूने ओठासारखा बाहेर येतो. दबलेली बाजू म्हणजे हातोडी मारणाऱ्याच्या समोरची. तो ओठ घासून गुळगुळीत झाला असेल तर नाणं बराच काळ अंगावर होतं. भोक गोल न राहता काठाकडे ओढल्यासारखं, थेंबासारखं झालं असेल तर दोऱ्याने ते वर्षानुवर्षं त्या दिशेला खेचलं आहे. माझ्याकडे एक छोटं चांदीचं नाणं आहे. त्यातलं पहिलं भोक ओढून ओढून काठातून फाटून गेलेलं आहे आणि त्याला अगदी चिकटून दुसरं भोक पाडलेलं आहे. म्हणजे नाणं गळून पडलं, कुणीतरी शोधलं आणि परत टोचून घातलं. चेहरा इतका झिजलाय की राजा ओळखू येत नाही. तरीही माझ्या संग्रहातलं ते मला सगळ्यात प्रिय आहे.

शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर नाणं बहुधा कपड्यावर शिवलेलं होतं. भोकाभोवती एकसारखा गोल घासलेला पट्टा असेल, तर ते स्क्रूखाली वॉशर म्हणून बसवलेलं असण्याची शक्यता धरा. टाकसाळीतल्या भोकाच्या नाण्यांवर हा पट्टा जास्त दिसतो.

आता ताजं भोक कसं ओळखायचं? जुन्या भोकाच्या आतल्या भिंतीचा रंग नाण्याच्या रंगाशी जुळतो, कडा बोथट असतात. नव्या भोकात धातू चकचकीत असतो, कडा बोटाला टोचतात. जुनं भासवण्यासाठी आत काळं फासलेलं असेल तर ते सगळीकडे एकसारखं काळं दिसतं. खरं जुनेपण असं एकसारखं कधी येत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. भोक अगदी गोल आणि सरळ आहे एवढ्यावरून ते नवं ठरवू नका. हाताने फिरवायचे सामते फार जुने आहेत आणि त्यांनीही सुबक भोकं पडत. रंग, कडा आणि झीज या तिन्ही गोष्टी मिळूनच निर्णय घ्या.

भोक साफ करणं

मला बोचते ती चूक हीच. काही वर्षांपूर्वी एक भोकाचं चांदीचं नाणं मिळालं, भोकात काळा मळ घट्ट बसलेला. मी टाचणी घेतली आणि तो उकरला. मळाबरोबर दोन-तीन केसासारखे तंतू निघाले, ते मी फुंकून टाकले. मग भिंगाखाली भोकाच्या कडेला त्याच तंतूचा एक तुटका तुकडा दिसला. तो पीळ दिलेला दोरा होता. सूत होतं की रेशीम, कोणत्या रंगाचं होतं, हे सगळं मी एका फुंकरीत उडवलं. त्या नाण्याच्या नोंदीत आज "दोऱ्याचा अवशेष, अपुरा" एवढंच लिहिता येतं.

म्हणून भोकात काही दिसलं तर आधी फोटो, मग भिंग, मग विचार. हात शेवटी. धागा, मेण, लाख, गंजलेल्या तारेचा तुकडा, जे असेल ते तिथेच राहू द्या. फक्त माती असेल आणि ती काढायचीच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेवा, घासू नका. आंबट पदार्थ, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यांना नाण्याच्या जवळपासही आणू नका.

एका गोष्टीला मात्र लगेच हात घालावा लागतो. कांस्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली आणि पुसल्यावर पुन्हा आली, तर तो साधा हिरवा थर नाही. ती धातू खात जाणारी प्रक्रिया आहे आणि ओलावा मिळाला की ती वाढते. भोकाच्या आतल्या कडेला ती लपून बसते, म्हणून तिथे आवर्जून बघा. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा आणि कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

किमतीत फसणं

दोन्ही टोकांना फसायला होतं. कॅटलॉगातली किंमत धड नाण्याची असते. ती भोकाच्या नाण्याला लागू होत नाही, हे विक्रेता सांगेलच असं नाही. प्रतवारी करणाऱ्या कंपन्याही अशा नाण्याला आकड्यातली प्रत न देता फक्त भोकाची नोंद करतात. उलट बाजूने, भोक आहे म्हणून टाकाऊ समजणंही चूक. धड अवस्थेत आवाक्याबाहेर असलेली नाणी भोकामुळे हातात येतात, आणि राजस्पर्शाच्या एंजलसारख्या नाण्यात तर भोक हेच त्याच्या कामाचा पुरावा असतं.

टाकसाळीतच भोक पडलेल्या नाण्यांची किंमत भोकामुळे कमी धरायची नाही, हे वेगळं सांगायला नको. इथे गडबड होते ती "चुकीच्या छापाच्या" नाण्यांत. भोक सरकलेली, भोकच नसलेली अशी नाणी खरोखर निघतात आणि म्हणूनच ती बनवलीही जातात. भोक नसलेलं नाणं समोर आलं तर मधला भाग नीट बघा, तो भरलेला असू शकतो. वजन करा. मधला धातू शिल्लक असेल तर वजन नेहमीपेक्षा जास्तच भरायला हवं.

चौकोनी भोकाचं नाणं दिसलं की "हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे अमूल्य" असं अनेकांना वाटतं. चीनमधल्या सुंग राजघराण्याच्या काळातली नाणी खरोखर हजार वर्षांच्या आसपासची आहेत, पण ती इतकी प्रचंड ओतली गेली की आजही सहज मिळतात. वय आणि दुर्मिळता यांचा संबंध वाटतो तेवढा नाही. शिवाय त्यावरची चार अक्षरं नेहमी एकाच क्रमाने वाचायची नसतात. बरीच नाणी वर, खाली, उजवीकडे, डावीकडे अशी वाचतात, तर काही वरून सुरू करून घड्याळाच्या दिशेने. क्रम चुकला की नाव जुळत नाही आणि लोक नाणं नकली ठरवून मोकळे होतात.

भोकामुळे आलेली एक गंमत हातची जाऊ देऊ नका. मधोमध भोक असलं की राजाचा चेहरा छापता येत नाही, फक्त नाव बसतं. आठव्या एडवर्डने १९३६ च्या डिसेंबरमध्ये गादी सोडली आणि खुद्द ब्रिटनमध्ये त्याचं नाणं चलनात आलंच नाही. पण पूर्व आफ्रिका, पश्चिम आफ्रिका, फिजी आणि न्यू गिनीसाठी त्याच्या नावाची भोकाची नाणी तोवर पाडून झाली होती. चेहऱ्याची वाट बघावी लागली नाही ना! ती आजही फारशी महाग नाहीत.

ठेवणं आणि फोटो

भोक आहे म्हणून दोरीत ओवून ठेवू नका. नाण्यावर नाणं घासतं. लोखंडी तारेत तर मुळीच नको, गंजाचा डाग भोकात मुरतो. मऊ पीव्हीसीची पाकिटं काळाच्या ओघात चिकट हिरवा थर सोडतात, त्याऐवजी मायलर नावाच्या प्लॅस्टिकची पाकिटं किंवा कडक कॅप्सूल वापरा. फोटो काढताना पांढऱ्या कागदावर नाणं ठेवलं की भोकातून पांढरा ठिपका उठतो आणि नाणं काळपट येतं. मध्यम राखाडी कागद घ्या, उजेड एका बाजूने द्या आणि दोन्ही बाजूंचे फोटो एकाच दिशेने धरून काढा.

नोंदीत नुसतं "भोक आहे" लिहिणं

असं लिहिलं की निम्मी माहिती गेली. माझी नोंद अशी असते: "भोक एक, पुढच्या बाजूने १२ वाजता, मागून टोचलेलं, व्यास २ मिलिमीटर, काठाकडे ओढलेलं, ओठ झिजलेला." घड्याळाची भाषा वापरली की दुसऱ्या संग्राहकाला फोटोशिवायही कळतं. मागची बाजू सरळ धरली तर भोक किती वाजता येतं तेही लिहा. ज्या बाजूला ते वर येतं, ती बाजू माणसाने लोकांना दाखवायला निवडलेली असू शकते. एका नाण्यावर राजाचं डोकं उलटं आणि मागचा क्रूस सरळ लटकत होता. ज्याने ते घातलं त्याला राजापेक्षा क्रूस महत्त्वाचा होता, असं मला वाटतं.

आणि भोक दोन्ही बाजूंनी तळाशी, सहा वाजता असेल, तर घाईने "उलटं पाडलं" असं लिहू नका. ते नाणं गळ्यात घालून मान खाली घाला. बघणाऱ्याला उलटा दिसणारा राजा घालणाऱ्याला सरळ दिसतो.