खाडीकाठी माउंटन बायकिंग : अंतर पाहून निघता, घड्याळ पाहत नाही, या चुका टाळा

समुद्रकाठचं गाव, गावाच्या कुशीतून समुद्राला मिळणारी नदी आणि नदीच्या दोन्ही अंगांनी चढत गेलेले डोंगर. माउंटन बाइकसाठी याहून चांगला मुलूख शोधूनही सापडणार नाही. ओली पुळण, खाडीचा बांध, दरीतली पायवाट आणि कड्यावरची वाट हे सगळं एका सकाळीत होतं. आणि नेमके इथेच डोंगरात चांगला सराव असलेले सायकलस्वार फसतात, कारण ते मार्ग किलोमीटरमध्ये मोजतात. अशा भागात वाट किती लांब आहे यापेक्षा तुम्ही तिथे किती वाजता पोहोचता, याला जास्त किंमत आहे. सकाळी जिथे कडक रेती होती तिथे दुपारी पाणी असतं, आणि जाताना पाठीशी असलेला वारा येताना छातीवर बसतो.

चूक पहिली : ओहोटीची वेळ पाहिली, म्हणजे झालं

‘साडेअकराला ओहोटी’ एवढं वाचून लोक निघतात आणि धरून चालतात की त्यानंतर पाणी हळूहळू, एकाच वेगाने चढेल. तसं होत नाही. दर्यावर्दी लोक यासाठी बाराव्या हिश्श्याचा ठोकताळा वापरतात. एकूण चढाचे बारा समान हिस्से धरले, तर ओहोटीनंतरच्या साधारण सहा तासांत पाणी तासागणिक अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से चढतं. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटिमीटर वाढतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून ते दीड मीटर वाढतं. पुळणीचा उतार शंभरास एक असेल, तर त्या दोन तासांत पाणी १५० मीटर आत येतं. घात करतो तो पहिला तास. ‘अजून काही चढलं नाही’ असं वाटून आपण पुढे जात राहतो आणि परतायला लागतो तेव्हा तिसरा तास सुरू झालेला असतो.

कालच्या वेळेवर आजचा बेत आखणं हीसुद्धा नेहमीची चूक. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण येतं. तेव्हा पाणी जास्त ओसरतं आणि जास्त चढतंही. उघडी पडलेली रुंद पुळण पाहून हुरळून जायला होतं, पण तीच पुळण त्या दिवशी सर्वांत झपाट्याने बुडते. जिथे दिवसाला दोन भरत्या येतात, अशा एखाद्या ठिकाणी उधाणाची भरती दर खेपेला साधारण एकाच घड्याळवेळेला येते. आपल्या किनाऱ्याची ती वेळ एकदा कळली की पुढचे कित्येक बेत डोक्यातल्या डोक्यात आखता येतात.

वेळापत्रकातली वेळ बहुधा बंदराची किंवा नदीच्या मुखाची असते. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोहोचते. शिवाय खाडीच्या वरच्या भागात भरणं थोड्या वेळात आटोपतं आणि ओसरणं रेंगाळतं. म्हणून मुखाशी पाणी उतरायला लागलं तरी आतल्या बांधावरची वाट मोकळी झालेली नसते. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, तिथल्या काही वेळापत्रकांत तो तास धरलेलाच नसतो, हेही तपासून घ्या. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर राहतं. वादळी हवेत समुद्रावरून जोराचा वारा असेल, तर छापील आकड्यांवर विसंबू नये.

मग करायचं काय? पाणी उतरत असताना, म्हणजे ओहोटीच्या साधारण दोन तास आधी पुळणीवर उतरा आणि ओहोटीच्या वेळी परतीला लागा. भूशिराला वळसा घालायचा असेल तर तो उतरत्या पाण्यातच. पाणी आधी पुळणीच्या टोकांशी कड्याला टेकतं आणि मधली रेती तेव्हाही ऐसपैस रुंद दिसत असते. वाट बंद झाली हे मध्ये उभं राहणाऱ्याला कळतच नाही.

चूक दुसरी : वारा पाठीशी घेऊन निघणं

समुद्रावरचे खारे वारे उन्हं चढली की सुरू होतात, दुपारी भरात येतात आणि संध्याकाळी पडतात. दरीतले वारेही दिवसा मुखाकडून वरच्या अंगाला वाहतात. नदी समुद्राला मिळते तिथे हे दोन्ही वारे एकाच दिशेने, समुद्राकडून दरीत शिरतात. सकाळी अकराला गावातून दरीच्या टोकाकडे निघालेला माणूस आपण फार जोरात चालवतोय अशा समजुतीत असतो. परतताना नदीकाठच्या उतारावरसुद्धा पेडल मारावं लागतं.

हिशेब सरळ आहे. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरने जाताना समोरून १५ किलोमीटरचा वारा आला, तर शांत हवेच्या तुलनेत तो अडथळा तिपटीच्या पुढे जातो. त्यावर उपाय म्हणजे पहाटे निघणं. तेव्हा दरीतून गार हवा खाली वाहत असते, पण तिचा जोर किरकोळ असतो. खारे वारे उठायच्या आत मोकळा नदीकाठ मागे टाका. दुपार टळणार नसेल तर परतीसाठी झाडीतली किंवा डोंगराच्या आडोशाची वाट धरा, मग ती चार किलोमीटर लांबची का असेना.

चूक तिसरी : किनारा म्हणजे सपाट

समुद्रसपाटीवरून निघालो म्हणून चढ कमी, असं नसतं. कड्यावरची वाट प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. साठ-साठ मीटरचे आठ ओढे झाले की जवळजवळ ५०० मीटरची चढाई झाली, आणि नकाशावर सर्वोच्च जागा जेमतेम शंभर मीटरची दिसते. सर्वोच्च उंची पाहू नका, एकूण चढाई पाहा.

तो आकडाही डोळे मिटून घेऊ नका. ॲप उंची मोजतं ती बहुधा जमिनीच्या उंचीच्या तयार जाळीवरून. वाट कड्याच्या अगदी कडेने असेल आणि आखणी दहा मीटर सरकली, तर ॲपच्या लेखी तुम्ही समुद्रात पडता आणि पुन्हा वर येता. खोल घळीवरच्या पुलाचंही तसंच. न केलेली चढाई अशी खात्यावर जमा होते. समोच्च रेषा मोजून एकदा ताळा घ्यावा.

काठिण्याचे रंग आणि आकडे ठिकाणानुसार बदलतात. एस० ते एस५ अशी वाटेची काठिण्यपातळी सांगणाऱ्या सिंगलट्रेल स्केलवरची एस२ वाट कोरडी असताना जमते, पण समुद्राच्या दमट हवेत शेवाळलेल्या खडकावर तीच वाट उतरून चालण्याची होते. नकाशावर पायवाट दिसते म्हणजे तिथे सायकलला परवानगी आहे, असंही नाही. किनाऱ्यावरच्या कित्येक वाटा फक्त चालणाऱ्यांसाठी असतात. वाळूच्या टेकड्यांवर तर चाकं घालूच नयेत. त्यांना धरून ठेवणारं गवत एकदा तुटलं की वारा वाळू उडवून नेतो, आणि काही पक्ष्यांची घरटी तिथे उघड्यावरच असतात.

चूक चौथी : शेवटचा पूल न पाहणं

खाडीवर मुखाजवळ बहुधा पूल नसतो, असला तर मग बराच आत. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने वीस किलोमीटर पडतं. परतीची भिस्त तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीवर असेल तर तिची शेवटची फेरी आणि ओहोटीत ती चालते की नाही, हे निघण्याआधी विचारून घ्या. उथळ खाडीत होडी गाळात रुतते, म्हणून फेऱ्या थांबवतात.

नदी पायी ओलांडताना वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मागे फिरा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या दरीत पाऊस झाला असेल तर ते पाणी काही तासांनी खाली येतं, आणि भरती त्याला समुद्रात जाऊ देत नाही. पावसानंतर दरीतली चिकणमाती टाळा. ती टायर आणि फोर्कच्या मध्ये थापून बसते, वाटेवर खोल चरे पडतात आणि वाळल्यावर ते तसेच राहतात. त्या दिवशी वरची खडकाळ किंवा रेताड वाट बरी.

चूक पाचवी : रेतीसाठी उतरवलेली हवा तशीच ठेवणं

मऊ रेतीत टायरमधली हवा कमी करणं योग्यच आहे. एरवी हवेचा दाब २०-२४ पीएसआय असेल तर रुंद ट्यूबलेस टायरमध्ये १५च्या आसपास उतरवून पाहा. टायर पसरतं आणि रुतत नाही. पण पुढच्या खडकाळ उतारावर हीच हवा रिमला मारक ठरते. ट्यूब असेल तर ती रिम आणि दगडामध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर वळणावर टायरची कड सुटून हवा भसकन जाते. छोटा पंप आणि हवामापक जवळ ठेवा, आणि रेती संपली की तिथेच थांबून हवा भरा. खाली पोहोचल्यावर भरून काय उपयोग!

घरी आल्यावर, आणि काय बिघडलं ते कसं ओळखायचं

खाऱ्या पाण्यातून गेलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे सायकल वाळलेली दिसली तरी गंज चालूच राहतो. पाणी हलक्या धारेने ओता. दाबाची धार बेअरिंगांच्या सीलमधून आत घुसते आणि मीठ आतच नेऊन सोडते. मग सायकल पुसा, वाळवा आणि चेनला तेल द्या. तेलाचा फवारा मात्र डिस्कच्या आसपास मारू नका.

चाकाच्या पोलादी तारांवर ॲल्युमिनियमचे निपल (तार रिमला जोडणारे छोटे नट) असतील तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम आधी झिजतं. निपलपाशी पांढरी भुकटी दिसली की समजा. समुद्रकाठी नेहमी फिरणाऱ्याने पितळी निपल घ्यावेत. कार्बन फ्रेममधला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट अधूनमधून काढून पुसला नाही तर तो आतच जाम होतो.

ब्रेक ओले असताना किंचाळले तर काळजी नको. कोरडे झाल्यावरही किंचाळत असतील तर पॅडला तेल लागलं आहे किंवा ते चकाकून गुळगुळीत झाले आहेत. लांब उतारावर लिव्हर कडक लागतोय पण सायकल थांबत नाही, तर पॅड तापले आहेत. थांबा, गार होऊ द्या. लिव्हर मऊ पडून मुठीपर्यंत येत असेल तर तेलात हवा शिरली आहे किंवा तेल उकळलं आहे. डॉट प्रकारचं ब्रेकचं तेल ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं.

मागचा गिअर लहान दातेरी चाकाकडे जायला कुरकुरतो, मोठ्याकडे मात्र नीट जातो, तर स्क्रू फिरवत बसू नका. लहान चाकाकडे डिरेलरला (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) फक्त स्प्रिंग खेचते, आणि केबलच्या नळीत मीठ-रेती साचली की तिचा जोर पुरत नाही. आतली केबल आणि नळी बदला. चेन ठरावीक अंतराने उडी मारत असेल तर पेडल उलटं फिरवत मागच्या डिरेलरकडे पाहा. एखादी कडी जाम झालेली असेल तर ती छोट्या चाकांवरून जाताना ताठ राहते. चेनची झीज मापकावर तपासा. अकरा-बारा गिअरच्या चेनला अर्धा टक्का ही मर्यादा, दहा किंवा कमी गिअरच्या चेनला पाऊण टक्का.

राहता राहिला आवाज. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा करकरतं तर क्रँक, पेडल किंवा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) पाहा. फक्त सीटवर बसल्यावर येतो तर सीटपोस्ट. उभं राहून हँडल ओढल्यावर येतो तर हेडसेट (हँडल वळतं तिथलं बेअरिंग) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा). पेडल थांबवून सायकल नुसती घरंगळत असतानाही येत असेल तर चाकाच्या हबमध्ये रेती आहे, आणि ते बेअरिंग पुढच्या फेरीआधी उघडावं लागेल.